अरणगावचं वाक्य, गळ्यातला बेस

जाझ फ्यूजनच्या बेसवादकांची तुलना निघाली की गप्पा हटकून गिटारवर येतात. जॅको पास्टोरियसची १९६२ची फेंडर, स्टॅन्ली क्लार्कची अलेम्बिक, मार्कस मिलरची १९७७ची फेंडर. पुढे कंपन्यांनी या वादकांच्या नावाच्या गिटारी बाजारात आणल्या. जॅकोच्या नावाची फेंडर १९९९मध्ये निघाली. त्याला जाऊन तेव्हा बारा वर्षं होत आली होती. मला मात्र ज्या बेसची कुळकथा सांगायची आहे त्याला ना तारा आहेत, ना कंपनीचा शिक्का. आणि तो ज्या गाण्यात वाजतो त्याचं मूळ आपल्या नगर जिल्ह्यात आहे.

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की अरणगावजवळ मेहेराबाद लागतं. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा तिथे १९२३मध्ये आले. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं, ते १९६९मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि १९५४नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत. आपल्या परीने करायचं ते कर, मग काळजी सोड आणि आनंदात राहा, असं ते भक्तांना कळवत. त्यातलं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ एवढंच बाबांच्या चेहऱ्यासह कार्डांवर आणि पोस्टरांवर छापलं गेलं आणि अमेरिकेत पसरलं.

असंच एक पोस्टर सॅन फ्रान्सिस्कोत टक अँड पॅटी या जाझ जोडीच्या घरी होतं. पॅटी गाते, टक गिटार वाजवतो. बेसवाला त्यांच्यात नाहीच. खर्जही टकच त्याच गिटारवर सांभाळतो. गायक बॉबी मॅकफेरिनने ते पोस्टर तिथे पाहिलं आणि त्यावरून त्याच नावाचं गाणं केलं. १९८८मध्ये ते ‘सिंपल प्लेझर्स’ या अल्बममध्ये आलं.

त्या गाण्यात एकही वाद्य नाही. शीळ, मधली साथ, तळातला बेस, सगळा मॅकफेरिनचाच आवाज, थरावर थर देऊन मुद्रित केलेला. हेडफोन लावून फक्त तळातली ओळ ऐका. सूर ओठांतून फुटतो आणि बोटाने तार दाबावी तसा लगेच मिटतो. एकट्याच्या मैफलीत तर मॅकफेरिन छातीवर थाप देत खर्जातून उंच सुरात उडी घेतो आणि पुन्हा खाली येतो. दोन्ही ओळी एकदमच चालू आहेत असं कानाला वाटत राहतं. १९८४चा ‘द व्हॉइस’ हा अख्खा अल्बम त्याने असाच एकट्याने, साथीशिवाय गायला.

जॅकोने आपल्या बेसवरचे फ्रेट, म्हणजे पडदे, काढले, खाचा लाकडात भरायच्या लांबीने बुजवल्या आणि पट्टीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा थर दिला. सूर मोकळे झाले, मींड घेता येऊ लागली. लाकडाला गळा देण्याची ती खटपट होती. मॅकफेरिन उलट्या बाजूने निघाला आणि गळ्याला तारांचा ठोका देऊन बसला. क्लार्कची झेप आणि मिलरच्या अंगठ्याचा कडकडाट मला मनापासून आवडतो. पण जॅकोच्या शेजारी मी मॅकफेरिनलाच बसवीन.

सप्टेंबर १९८८मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं. वाद्यांशिवायचं गाणं तिथवर पहिल्यांदाच पोचलं होतं. बेस शिकणाऱ्या पोरांनी त्यातली खालची ओळ आधी तोंडाने म्हणावी, मगच तारांवर घ्यावी. आपल्याकडे तबल्याचे बोलही आधी पढंत करूनच हातात उतरतात.