बाळाची दुपटी आणि रस्त्यावरचा हापसा



पूर्वरंगात सिद्धान्त मांडावा आणि उत्तररंगात आख्यान लावावे, ही आपल्या नारदीय कीर्तनाची रीत. आजचा सिद्धान्त लहानसाच आहे. घाण दाराबाहेर गेली म्हणजे घर स्वच्छ झाले, असे नाही. ती पुढे कोठे गेली, हेही पाहावे लागते. आणि आख्यान पुराणातले नसून लंडन शहरातले, इ. स. १८५४ सालचे आहे.

पटकी म्हणजे कॉलरा. पंढरीच्या वाटेवर या रोगाने किती घरे बसवली, हे तुम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. जुलाब-वांत्यांनी धडधाकट माणूस काही तासांत जाई. दुर्गंधी हवेने हा रोग होतो, असे त्या काळी मोठमोठे डॉक्टरही मानत.

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर एका घरात पाच महिन्यांच्या मुलीला ऑगस्टअखेर जुलाब लागले. आईने तिची दुपटी बादलीत भिजवून धुतली आणि ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले. २ सप्टेंबरला बाळ गेले. खड्ड्यापासून जेमतेम तीन फुटांवर रस्त्यावरच्या हापशाची विहीर होती. मधल्या विटा खिळखिळ्या झालेल्या. त्या हापशाच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मेली.

ते पाणी दिसायला स्वच्छ होते. चव आवडे म्हणून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा ते मुद्दाम मागवी, तीही गेली. डॉ. जॉन स्नो यांनी कोण कुठले पाणी पीत होते याची विचारपूस केली आणि ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढायला लावला.

तिथल्या चर्चचा तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड याला स्नोंचे म्हणणे पटले नव्हते. ते खोटे ठरवावे म्हणून तो घरोघर फिरला, विचारत गेला आणि अखेर त्यालाच ते पटले. मृत्यूच्या नोंदींत त्या तान्ह्या बाळाची नोंद त्यालाच सापडली. मग १८५५ साली खड्डा उकरला, तेव्हा विहिरीत पाझर कसा जात होता ते उघड झाले. धर्म सांगणाऱ्याने सत्य दिसताच आपला हट्ट सोडला, ही गोष्ट आम्हां कीर्तनकारांनी गाठीशी बांधावी अशी आहे.

आता सांगा, त्या माउलीचा दोष काय? आजारी लेकराची दुपटी तिने धुतली. कोणतीही आई हेच करील. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होते. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचे जंतू सापडले. त्या वस्तीतल्या पहिल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले गेले होते. देश निराळा, भाषा निराळी, पण घडले तेच.

आपण सोवळे पाळतो, घागर घासूनपुसून लख्ख ठेवतो. पण शौचाहून आलेला हात नुसता पाण्याखाली धरून त्याच घागरीत तांब्या बुडवला, तर जंतूंना सोवळे कळत नाही. गाडगेबाबांचा खराटा आठवा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. त्यांची स्वच्छता स्वतःच्या उंबऱ्याशी थांबली नाही.

म्हणून माउलीहो, घरात कोणाला जुलाब-वांत्या झाल्या तर त्याची दुपटी-अंथरुणे नदीवर, विहिरीवर नेऊ नका. ती उकळत्या पाण्यात घाला, आणि ते पाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर, संडासातच टाका. सेवा करणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवावेत. घागरीतले पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावे. आणि वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात उतराल, तेव्हा आपल्यामागून येणारी दिंडीही त्याच पाण्यात स्नान करणार आहे, एवढे मनात असू द्या.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!