पट्टा असलेला आणि नसलेला

कुत्र्याला घेऊन कोकणात चार दिवस समुद्राकाठी राहायचं, तर आधी कुत्र्याची जात सांगावी लागते. आमचा तांबू सोसायटीच्या फाटकापाशी सापडलेला. कानाला नसबंदीची खाच, शेपटी वळलेली. दापोलीकडच्या एका ‘पेट-फ्रेंडली’ होमस्टेला फोन केला तर पहिला प्रश्न : “ब्रीड कुठलं?” म्हटलं, गावठी. “मग नको हो. लॅब वगैरे असेल तर चालतं.” रेबीजच्या लसीचा दाखला आहे का, हे त्याने विचारलंच नाही.

कुणाचा तरी कुत्रा आणि कुणाचाच नसलेला कुत्रा हा फरक मुंबईत फार पूर्वी सरकारी कागदावर आला. १८१३च्या नियमाने वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत बेवारशी कुत्री मारायला परवानगी होती. १८३२मध्ये कंपनी सरकारच्या दंडाधिकाऱ्यांनी ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारेकऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आता नगावर पैसे मिळणार म्हटल्यावर कोण मालकाची चौकशी करत बसेल? शिपाई लोकांच्या घरांतूनही कुत्री ओढून नेऊ लागले, अशी तक्रार होती. ६ जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, फोर्टात जमावाने शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी हरताळ. दुकानं बंद, आणि पारशांबरोबर काही हिंदू, जैन, मुसलमानही रस्त्यावर. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली गेली. (कुलाबा तेव्हा वेगळं बेट होतं, कॉजवे झाला १८३८मध्ये.) शेवटी लष्कर आणून धरपकड करावी लागली.

या दंगलीचं कारण साधारणपणे धर्मात शोधतात. ते खोटं नाही. पारशी अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो, म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. पण मला वाटतं, उंबरठ्याच्या आत आलेल्या शिपायाचा रागही त्यात तेवढाच असावा. मग जमशेटजी जीजीभाय वगैरे मंडळींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्यावर तडजोड झाली. १८३४मध्ये जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ काढलं. ‘शहराबाहेर’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गावात, हा मुद्दा मात्र तसाच राहिला. २००१च्या नियमांनी नसबंदी करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायला सांगितलं, तेव्हा कुठे कायद्याला तो सुचला म्हणायचा.

रेल्वेने हा गुंता पावतीने सोडवला आहे. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत कुत्रं ठेवा. पैसे पार्सल ऑफिसात, वजनाच्या हिशेबाने. ब्रीड कुणी विचारत नाही, हे चांगलं. पण त्या लोखंडी पेटीत तांबू रात्रभर रडेल, म्हणून आम्ही गाडीनेच जाणार : ताम्हिणी, माणगाव, मंडणगड. घाट उतरेपर्यंत त्याला उपाशी ठेवायचं, नाहीतर पुढची सीट धुवावी लागते.

जायचंय वेळासला. तिथे माझी कुत्र्यांची वकिली जरा अडखळते. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्रीच्या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि निघून जातात. ती अंडी पूर्वी माणसं चोरत. कोल्हे-कुत्री उकरत, अजूनही उकरतात. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी घरटी हलवून जाळीच्या कुंपणात सांभाळायला सुरुवात केली. पिल्लं बाहेर पडायला दीडेक महिना लागतो, कधी दोनही. एका मोकाट कुत्र्याला मात्र एक रात्र पुरते, आणि त्यात लस टोचलेला, पट्टा घातलेला, सोफ्यावर झोपणारा तांबूही आला. वाळू दिसली की पहिल्यांदा तो उकरतोच.

वेळासच्या ज्या काकूंकडे शेवटी सोय झाली, त्यांनी ब्रीड विचारलं नाही. अटी सांगितल्या. “दिवसा न्या हो पुळणीवर. पण दोरी हातातून सोडायची नाही, आणि दिवेलागणीनंतर अंगणातच बांधायचा. आमच्या काळ्याच्या ताटलीला त्याने तोंड लावलंन् तर मग मी जबाबदार नाही.” दापोलीच्या त्या मालकाला एवढंच विचारायचं होतं, तर मी आनंदाने उत्तरं दिली असती.

आम्ही पोचतो त्याच्या दुसऱ्या दिवशी चतुर्थी आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ : तीनला भरती, तर सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तेव्हा पाण्यालगतची वाळू ओली आणि घट्ट असेल, कुंपणापासून लांब. काकूंचं घावन खाऊन आठला निघालो तर तासदीडतास मिळेल. दहा हातांची सुती दोरी आणून ठेवली आहे.