देवाने जुळवलेला हिशेब

मार्गशीर्ष वद्य एकादशी जवळ आली, की आमच्या सटाण्यातल्या मुलांचे लक्ष फळ्यावर ठरत नाही. देवमामलेदारांची यात्रा भरायची असते, रथ निघायचा असतो. अशाच एका दिवशी मी इतिहासाचा तास कसाबसा रेटीत होतो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तिजोरीत पैसे परत आले कुठून?"

प्रश्न सरळ होता. मला उत्तर सुचेना.

कथा आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. यशवंत महादेव भोसेकर यांचा जन्म १८१५ चा. इंग्रज सरकारच्या नोकरीत चढत चढत ते बागलाणचे मामलेदार झाले. १८७०-७१ च्या दुष्काळात माणसे अन्नाला महाग झाली, तेव्हा त्यांनी आधी घरचे आणि मग सरकारी खजिन्यातले पैसे वाटून टाकले. आकडा १,२७,००० रुपयांचा सांगतात. वरिष्ठ तपासणीला आले, तो खजिना पै न् पै भरलेला! १८८७ साली नाशकात त्यांचा देह पडला, त्याआधीच लोकांनी हुद्द्यामागे 'देव' लावला होता.

आता वाचकांना मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले असतील. त्यांनीही दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लुटवली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या वेषात जाऊन पैसे भरले. महिपतींचा 'भक्तविजय' १७६२ चा; म्हणजे सटाण्याच्या दुष्काळाआधी शंभर वर्षे ही कथा कीर्तनांतून महाराष्ट्राच्या कानांवर पडत होती.

मग आमची कथा नक्कल म्हणायची का? मला तसे वाटत नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली धर्माविषयी एक मार्मिक विचार मांडला. धर्मातली प्रतीके जगाचा आरसा असतात, तसाच जगण्याचा आराखडाही असतात, असा त्याचा आशय. दामाजींची कथा हा असा आराखडा होता. लोकांनी तीवरून मामलेदार ओळखला. आणि खजिन्याच्या किल्ल्या हातात घेताना खुद्द यशवंतरावांच्या मनात ती नसेल, असे कोणी म्हणावे?

त्यातही खजिना हे प्रतीक पाहा. शेतकऱ्याच्या लेखी तो सारा भरण्याची जागा. तिथे पैसा जातो, येत नाही. तो एकदा उलटा, उपाशी माणसांकडे वाहिला. माझ्या मते खरा चमत्कार इथेच घडला. पुढचा चमत्कार लोकांना हवा होता तो निराळ्या कारणासाठी. सरकारी खतावणीत दयेचा रकाना नसतो. तिच्या हिशेबी असा माणूस अपहार करणाराच ठरणार. तो चोर ठरू नये, म्हणून लोकांनी देवाला हिशेब जुळवायला बोलावले. एरवी राजे देव होतात. आमच्या तालुक्याने एक मामलेदार देव केला आणि कारभार कसा असावा, याचे माप कायमचे ठरवून टाकले.

दोन दिवसांनी मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, पैसे आले कुठून, ते मला सांगता येणार नाही. पण गेले कुठे, ते गावाला ठाऊक आहे."

तो क्षणभर विचारात पडला. तेवढ्यात घंटा झाली आणि तो यात्रेकडे धावला.