भस्माची गोष्ट

‘ऑक्सिडक दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण करतो व त्याचे स्वतःचे क्षपण होते’ हे वाक्य वर्गात आले, की मुलांचे चेहरे हटकून पडतात. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. सूत्रांपेक्षा गोष्टींवर माझा भरवसा अधिक. मी पुस्तक मिटतो आणि दोन माणसांची हकीकत सांगू लागतो.

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली नावाच्या धर्मोपदेशकाने भिंगातून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर ऊन धरले. भस्माचा पुन्हा पारा झाला आणि एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती अशी ढणढणा पेटली, की गृहस्थ थक्क झाला! पण जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे तत्त्व निघून जाते, अशी तेव्हाची समजूत. प्रीस्टलीने वायूला ‘फ्लॉजिस्टनरहित हवा’ म्हटले आणि ऑक्टोबरात पॅरिसच्या मेजवानीत ही नवलाई लाव्हाझ्येला सांगून टाकली. (स्वीडनच्या शीलेला तोच वायू आधी सापडला होता, पण त्याचे पुस्तक निघाले १७७७ साली. छापखान्याचा उशीर कसा भोवतो, हे आम्हां लेखकांना काय सांगावे?)

लाव्हाझ्ये पडला हिशेबी माणूस. त्याने कोंडलेल्या हवेत पारा बारा दिवस तापवला. ५० घनइंचांपैकी सुमारे ८ घनइंच हवा नाहीशी झाली आणि पाऱ्यावर तांबडे भस्म धरले. ते भस्म जास्त तापवताच जवळजवळ तेवढाच वायू परत मिळाला. म्हणजे जळताना काही जात नाही, उलट येते! त्या येणाऱ्याला त्याने ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्ल करणारा, असे नाव दिले. ते नाव चुकीचे निघाले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही.

ऑक्सिजन घेणे ते ऑक्सिडीकरण, गमावणे ते क्षपण. तुमच्या अंगणातल्या भुईनळ्यात सोरा आपला ऑक्सिजन कोळशाला आणि गंधकाला देतो. देणारा सोरा ऑक्सिडक. देता देता तोच उणा होतो. घेणारा कोळसा क्षपणक. १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडल्यावर हा व्यवहार पुढे इलेक्ट्रॉनांत मांडला गेला, पण देणेघेणे सुटले नाही.

प्रीस्टलीने फ्लॉजिस्टन १८०४ साली मरेपर्यंत सोडले नाही. राज्यक्रांतीचा कैवार घेतला म्हणून १७९१ साली बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर जाळले. त्याच क्रांतीने ८ मे १७९४ रोजी लाव्हाझ्येचा शिरच्छेद केला. प्रीस्टली त्या दिवशी अमेरिकेच्या वाटेवर जहाजात होता.