इंद्रायणीकाठची बाडे आणि मुंबईचा छापखाना

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत १९९७ मध्ये आलेले चिखली हे गाव आज लघुउद्योग, भंगाराची गोदामे आणि बहुमजली गृहसंकुले यांसाठी ओळखले जात असले, तरी जुन्या भूगोलात त्याची जागा वेगळी होती. वर देहू, खाली आळंदी आणि मध्ये वाहणारी इंद्रायणी अशा पट्ट्यातले ते एक शेतकरी गाव होते. या पट्ट्याच्या भोवती तळेगाव दाभाडे, सुदुंबरे, चाकण आणि कडूस ही गावे आहेत. मोटारींच्या कारखान्यांनी या परिसराला नवे नाव मिळवून देण्याच्या शंभर वर्षे आधी, मराठी ग्रंथसंपादनाच्या इतिहासात हीच गावे एका वेगळ्या कारणाने नोंदली गेली होती. तुकारामांच्या अभंगांची जुनी हस्तलिखिते ज्या घरांनी आणि देवळांनी जपली, त्यांतली बहुतेक येथे होती. मराठीतील विद्वत्-प्रकाशनाचा, म्हणजे मूळ साधने तपासून, त्यांतील फरक नोंदवून आणि निर्णयामागची कारणे सांगून ग्रंथ छापण्याच्या व्यवहाराचा, इतिहास त्यांच्या अभंगसंग्रहाच्या, म्हणजे गाथेच्या, निरनिराळ्या आवृत्त्यांमधून जितका स्पष्ट वाचता येतो, तितका क्वचितच दुसऱ्या ग्रंथातून येतो. त्या इतिहासात एक गोष्ट सतत दिसते: साधने आणि वाचक या खोऱ्यातले, तर संपादन, पैसा आणि छापखाना बाहेरचा.

हस्तलिखिताला या भागात बाड किंवा वही म्हणत. लांबट कागद एका बाजूने शिवून केलेल्या या बाडात बोरूने आणि काळ्या शाईने बाळबोध लिपीत अभंग उतरवलेले असत. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नसल्याने ओळ एकसलग दिसे, चरण संपल्याची खूण दोन दंडांनी होई आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नियम लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे. बाड वाचण्यासाठी ठेवले जात नसे, ते म्हणण्यासाठी असे. कीर्तनकार आणि टाळकरी त्यातून पाठ करीत, आवडलेला अभंग आपल्या वहीत घेत आणि घेताना एखादा शब्द बोलीच्या वळणावर जाई. शेवटच्या चरणातील कवीच्या नावाला नाममुद्रा म्हणतात. तुकारामांची नाममुद्रा इतकी छोटी आणि इतकी सुटसुटीत होती, की ती पुढच्या पिढीतील कोणाही भाविक रचनाकाराला सहज लावता येई. संपादकांपुढचा सगळा पेच या एका सोयीतून निर्माण झाला.

मजकूर शुद्ध करण्याची कल्पना मराठीला छापखान्याने दिली, असे मात्र नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. उपलब्ध प्रतींची तुलना करून मूळ मजकूर ठरवण्याच्या या कामाला आज पाठचिकित्सा म्हणतात. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर अक्षरे उलटी उतरवून छापण्याच्या पद्धतीने, प्रसिद्ध केली. तथापि एकनाथांच्या कामात निर्णय दिसतो, निर्णयाचा पुरावा दिसत नाही; कोणता पाठ टाकला हे वाचकाला कळत नाही. टाकलेला पाठही पानाच्या तळाशी छापायचा, म्हणजे वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय करून द्यायची, ही रीत एकोणिसाव्या शतकात आली.

ती आणण्यासाठी निमित्त झाले सर अलेक्झांडर ग्रँट. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक म्हणून इंग्लंडमध्ये मान्यता मिळवलेले हे गृहस्थ १८६५ पासून मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालक होते आणि १८६७ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात तुकारामांवर लेख लिहिला. त्यांच्या पुढाकाराने मुंबई सरकारने गाथेच्या संपूर्ण आणि शोधित आवृत्तीसाठी २४,००० रुपये मंजूर केले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम मोठी होती आणि लोकभाषेतल्या, त्यातही कुणबी-वाण्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संताच्या कवितेवर ती खर्च व्हावी, हे अधिकच लक्षणीय होते. सरकारच्या हेतूंबद्दल शंका घेण्यास जागा आहे. प्रजेचे मन समजून घेण्याची राज्यकर्त्यांची गरज आणि ग्रंथाविषयीचे निखळ कुतूहल ही दोन्ही त्या निर्णयात मिसळलेली असणार. पण मराठीतल्या मोठ्या विद्याप्रकल्पांना बाजारापेक्षा अनुदानाचा आधार लागतो, हा पुढील दीडशे वर्षांचा पायंडा येथे पडला, याबद्दल शंका नाही.

काम विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्याकडे आले आणि देखरेख शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडे गेली. आडनावे सारखी असली तरी दोघांच्या प्रकृती भिन्न होत्या. शंकर पांडुरंग हे मुंबई संस्कृत ग्रंथमालेतील एक संपादक. ‘मालविकाग्निमित्र’ त्यांनी याच सुमारास, १८६९ मध्ये, पाठभेदांसह संपादित केले आणि पुढे सायणभाष्यासह अथर्ववेद हाती घेतला. विष्णुशास्त्री हे ‘इंदुप्रकाश’ या द्वैभाषिक साप्ताहिकाच्या मराठी बाजूचे संपादक आणि विधवाविवाहाच्या चळवळीचे अग्रणी होते. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे झालेल्या वादात सुधारकांची बाजू मांडणारे शास्त्री हेच, आणि पुढे १८७४ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. सनातन्यांनी ज्यांना पंक्तीबाहेर ठेवले, त्यांनी सिद्ध केलेली गाथा पुढे सर्व पंथीयांनी प्रमाण मानावी, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘तुकारामबावाच्या अभंगांची गाथा’ या नावाने मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून पहिला खंड १८६९ मध्ये आणि दुसरा १८७३ मध्ये निघाला. जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी लिहिलेले तुकारामांचे इंग्रजी चरित्र त्यास जोडलेले होते, यावरून ग्रंथाचा वाचक दोन टोकांना कल्पिलेला होता हे कळते.

या आवृत्तीचा पाया चार बाडांवर होता: देहूचे (तुकारामांच्या वंशजांकडील), तळेगावचे (त्रिंबक कासार यांचे), कडूसचे (गंगाधर मवाळ यांच्या परंपरेतील) आणि पंढरपूरचे. चारांपैकी तीन बाडे एका दिवसाच्या पायी वाटेच्या परिघात होती, आणि एवढ्या जवळच्या प्रतींतही शब्द, चरणांचा क्रम आणि अभंगांची संख्या जुळत नव्हती. संस्कृत ग्रंथाच्या संपादनात प्रतींचे वंशवृक्ष मांडण्याची पद्धत युरोपातून आली होती: कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली ते चुकांच्या साम्यावरून ठरवायचे आणि मागे मागे जात हरवलेली मूळ प्रत कल्पायची. गाथेबाबत ही पद्धत अडखळते. लेखकाने प्रत समोर ठेवून नक्कल केली, हे त्या पद्धतीचे गृहीतक आहे. येथे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तोच अभंग शंभरदा म्हटलेला असतो आणि बाडातल्या शब्दाहून ओठावरचा शब्द बलवत्तर ठरतो. पंडितांनी वंशवृक्षाचा आग्रह न धरता पाठभेद नोंदवून पुढे जाणे पत्करले. विद्वत्तेच्या कसोटीवर हे अपुरे म्हणता येईल, परंतु साधनांचा स्वभाव ओळखून घेतलेला तो निर्णय होता, आणि साडेचार हजारांहून अधिक अभंगांची त्यांची संहिता, म्हणजे संपादकाने निश्चित केलेला मजकूर, म्हणूनच टिकली.

ती एकमेव मात्र राहिली नाही. तुकाराम तात्या पडवळ हे मुंबईतले व्यापारी, ‘जातिभेद विवेकसार’चे लेखक, थिऑसॉफिस्ट आणि तत्त्वविवेचक छापखान्याचे चालक होते. त्यांनी १८८९ मध्ये काढलेल्या गाथेत अभंगांची संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. वीस वर्षांत कवीचे लेखन जवळजवळ दुप्पट होण्याचे कारण सोपे आहे: पंडितांचा प्रश्न ‘हा अभंग तुकारामांचाच कशावरून’ असा होता, तर तात्यांचा ‘तुकारामांच्या नावाचा अभंग सुटून तर गेला नाही ना’ असा होता. मूळ रचनेत मागाहून घुसवलेल्या भागास प्रक्षिप्त म्हणतात. तात्यांच्या गाथेत असे बरेच असणार, परंतु लोकांनी तुकारामांच्या तोंडी काय घातले याचे साधन म्हणून समाजशास्त्राच्या अभ्यासकाला ती पंडितांच्या गाथेइतकीच मोलाची आहे. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा १९०९ मध्ये आली. जोगांनी पुढे १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्यामुळे छापील गाथेला अभ्यासक्रमाचे, रोजच्या पाठाचे आणि शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्थान मिळाले. विद्यापीठाबाहेरच्या या विद्यार्थिवर्गाचा मराठी प्रकाशनाच्या इतिहासात फारसा उल्लेख होत नाही, ही त्या इतिहासाची उणीव होय.

सर्वांत मोठा वाद विनायक लक्ष्मण भावे यांनी उभा केला. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभारणारे भावे जुन्या कवितेच्या प्रती शोधत गावोगाव हिंडत आणि १९०३ पासून त्या ‘महाराष्ट्र कवि’ या नियतकालिकातून छापत. चाकणचे तेली संताजी जगनाडे, ज्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे, हे परंपरेने तुकारामांचे लेखनिक मानले जातात. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्यावर पाठ असलेले अभंग पुन्हा लिहून काढणाऱ्यांत त्यांचे नाव आधी घेतले जाते. त्यांच्या वह्यांवरून भाव्यांनी १९१९ आणि १९२० मध्ये ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तेराशे अभंग होते, भाषा बोलीची, शुद्धलेखन अनघड आणि काही ठिकाणी पंडितांच्या पाठापेक्षा अधिक धारदार. ‘अस्सल’ या शब्दाने बाकीच्या आवृत्त्या आपोआप नक्कल ठरल्या आणि आक्षेप तेथेच आला: लेखनिकाने जेवढे उतरवले तेवढेच कवीने रचले, असे कशावरून? समकालीन वही हा पाठाचा श्रेष्ठ पुरावा होय, संख्येचा नव्हे. भाव्यांचा दावा म्हणून निम्मा मान्य करावा लागतो, परंतु बाडातील अशुद्ध वाटणारी रूपे सुधारून न घेता तशीच छापण्याचे त्यांनी दाखवलेले धैर्य पूर्ण मान्य करावे असे आहे.

देहूच्या देवळातील, तुकारामांच्या हातची मानली जाणारी वही हे या इतिहासाचे दुसरे टोक होय. दिलीप चित्रे यांनी नोंदवल्याप्रमाणे त्या वहीत आता सुमारे २५० अभंग उरले आहेत, तर विसाव्या शतकाच्या आरंभी तीच सुमारे ७०० अभंगांची असल्याची नोंद होती. प्रकाशनाचा खटाटोप ज्या कागदासाठी झाला, तो कागद प्रकाशनाच्या शतकातच झिजला.

तुकारामांच्या निर्याणास तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९५० मध्ये, मुंबई सरकारने पंडितांची आवृत्ती पुन्हा छापली. तिच्यामागे पुरुषोत्तम मंगेश लाड यांचे परिश्रम होते. हीच पुढे शासकीय गाथा म्हणून रूढ झाली. याच काळात पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होती. १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांच्या संपादकत्वाखाली शिस्त लागलेले ते काम १९६६ मध्ये संपले. प्रती मिळवणारे, प्रत्येक श्लोकाचे पाठ ताळापत्रकावर मांडणारे आणि त्यांवर निर्णय देणारे असे वेगवेगळे मनुष्यबळ तेथे अर्धशतकभर होते. गाथेच्या वाट्याला तशी यंत्रणा आली नाही. संस्कृतला संस्था आणि मराठीला जयंती, अशी ही वाटणी मराठी समाजाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांविषयी बरेच काही सांगून जाते.

या खोऱ्याविषयीचे ज्ञान इंग्रजीत गेले तेव्हाही छापखाना बाहेरचाच राहिला. फ्रेझर आणि मराठे यांचा गाथेचा अनुवाद १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत मद्रासच्या ख्रिस्ती संस्थेने काढला. चिखलीच्या शेजारच्या चिंचवडच्या देव घराण्याच्या इनामांचा आणि राज्यसत्तेशी असलेल्या संबंधांचा लॉरेन्स प्रेस्टन यांनी लिहिलेला इतिहास १९८९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने छापला. दफ्तर येथले, प्रश्न येथला, वाचक मात्र मुख्यतः विद्यापीठीय ग्रंथालयांतले. याला एक दखलपात्र अपवाद देहूकरांच्याच घराण्यातील सदानंद मोरे यांच्या ‘तुकाराम दर्शन’चा आहे. १९९६ मध्ये आलेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या या ग्रंथात गाथेच्या आवृत्त्यांचा वाद हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा भाग म्हणून तपासला गेला आणि तो मराठीत, सामान्य वाचकाला पेलेल अशा भाषेत लिहिला गेला.

महापालिकेने चिखलीत उभारलेल्या संतपीठात आता शालेय अभ्यासक्रमाबरोबर संतसाहित्य आणि वारकरी संगीत शिकवले जाते, आणि तिकडे देहूच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. अभंगांचे क्रमांक मात्र प्रत्येक आवृत्तीत निराळे आहेत. कीर्तनकार अभंग त्याच्या पहिल्या शब्दांनी ओळखतो आणि अकारविल्हे सूचीत शोधतो, तर संशोधकाला संदर्भ देताना आवृत्तीचे नाव लिहावेच लागते आणि बहुधा तो शासकीय गाथेचा क्रमांक देतो, म्हणजे १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या पंडितांच्या संहितेचाच आधार घेतो.