मुंबईची भानगड आणि आपलं हसू

कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ साली आला तेव्हा त्याचा गाजावाजा जवळजवळ नव्हताच. पैसा एनएफडीसी या सरकारी महामंडळाचा, तोही सात लाखांच्या आसपास. जाहिरातीला उरणार काय? आपल्याकडं, नांदेड-लातूरकडं, तो घरोघरी पोचला तो पुढं दूरदर्शनमुळं.

बिल्डर तरनेजा, कमिशनर डिमेलो, त्याच्याच नावाचा कोसळलेला पूल. आपण पोट धरून हसलो. बर्गसाँ म्हणतो, हसायचं तर काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं. आपल्याला ते सोपं गेलं, कारण ही भानगड मुंबईची, असं आपण धरून चाललो होतो. वास्तविक चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंट प्रकरणावरून अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. आणि मुख्यमंत्री काही एकट्या मुंबईचा नसतो. २०१० साली कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीच्या वादात पद सोडावे लागलेले अशोक चव्हाण तर नांदेडचेच. कोर्टात काय ठरायचं ते ठरो. मतं इथली होती, मजले तिथले.

चित्रपटाच्या शेवटी विनोद आणि सुधीर कैद्यांच्या कपड्यांत थेट आपल्याकडं बघत गळा कापल्याची खूण करतात. तिथं मात्र कुणी हसत नाही.