ब्राउझरला हेडसेट कसा कळतो?

संगणकाला आभासी वास्तवाचा हेडसेट जोडलेला आहे का, हे संकेतस्थळाला ब्राउझरमार्फत विचारता येते. या सोयीचा उगम मोझिलाच्या व्लादिमीर वुकिचेविच यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या 'वेबव्हीआर' या कल्पनेत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये विंडोजवरील फायरफॉक्स ५५ मधून ती सर्वांना खुली झाली. तेव्हा ब्राउझर सढळ हाताने उत्तर देई: उपकरणाचे नाव, प्रत्येक डोळ्यासाठीच्या चित्राचे आकारमान, इतकेच काय, दोन डोळ्यांतील अंतराशी निगडित आकडेही. तेही वापरकर्त्याला न विचारता.

हेडसेट बाळगणारे मोजकेच. त्यामुळे अशा तपशिलांवरून गर्दीतला एक माणूस वेगळा काढणे सोपे जाते. कुकी पुसता येते, ही खूण पुसता येत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये क्रोम ७९ मधून आलेल्या 'वेबएक्सआर'ने हे उत्तर जाणीवपूर्वक आखडले. आता पृष्ठ एवढेच विचारू शकते, की पूर्ण आभासी सत्र चालू शकेल का? उत्तर हो किंवा नाही. नाव मिळत नाही. प्रश्न केवळ एचटीटीपीएस पृष्ठालाच विचारता येतो. पृष्ठात बसवलेल्या परक्या चौकटीला, म्हणजे बहुधा जाहिरातीला, यजमान पृष्ठाने मुभा दिल्याविना उत्तर मिळत नाही. हेडसेट जोडला वा काढला की ब्राउझर बदलाची वर्दी देतो. प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. 'हो' ही सत्राची हमी नव्हे, आणि सत्र सुरू व्हायला वापरकर्त्याची क्लिक लागतेच. स्वतंत्र चालणाऱ्या हेडसेटमध्ये ब्राउझर त्याच्या आतच असतो. मेजावर नुसत्या पडलेल्या अशा हेडसेटची लॅपटॉपला गंधवार्ताही नसते.

कॅनडात या उत्तराचे पुढे काय होते, हाही प्रश्न उरतो. बटण दाखवण्यापुरते ते वापरणे वेगळे, साठवून माणसाच्या नोंदीला जोडणे वेगळे. ज्या तंत्रावर वापरकर्त्याचे नियंत्रणच चालत नाही, ते जाहिरातींच्या पाठलागासाठी वापरू नये, अशी भूमिका संघीय गोपनीयता आयुक्त कार्यालयाने २०११ मध्येच घेतली. डिव्हाइस फिंगरप्रिंटिंग त्याच पंगतीत बसते. क्वेबेक अधिक कडक आहे. तेथे २२ सप्टेंबर २०२३ पासून, व्यक्तीची ओळख, ठिकाण वा प्रोफाइल ठरवू शकणाऱ्या तंत्राने वैयक्तिक माहिती गोळा करायची तर तसे आधी सांगावे लागते आणि ते तंत्र सुरू करण्याचा मार्गही वापरकर्त्याला दाखवावा लागतो.